घाट, धरण आणि पाण्याखालचे रिआन्यो

आपल्या मराठीत 'घाट' हा शब्द दोन ठिकाणी चालतो. नदीला पायऱ्या बांधल्या की तो घाट आणि डोंगर ओलांडणारी वाट, तीही घाटच. आपल्याकडच्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या कन्नडमधला 'घट्ट' त्याचाच सख्खा भाऊ. स्पॅनिश भाषेत 'पुएर्तो' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. समुद्रकाठी पुएर्तो म्हणजे बंदर, डोंगरात पुएर्तो म्हणजे खिंड. त्यावर तिसरा अर्थही आहे: उन्हाळ्यात मेंढ्या चारायला नेतात ती उंचावरची गवताळ माळरानेही पुएर्तोच. उत्तर स्पेनमधल्या लेऑन प्रांताच्या डोंगराळ भागात फिरताना हा शब्द रस्त्यावरच्या पाट्यांवर इतक्यांदा भेटतो की चोर्ला आणि आंबोलीची आठवण आल्यावाचून राहत नाही.

स्पेन म्हटले की आपल्याला रखरखीत ऊन, बैलांच्या झुंजी आणि समुद्रकिनारे एवढेच आठवते. हा भाग त्यातला नाही. माद्रिदहून वेगवान रेल्वेने लेऑन शहर गाठायचे आणि तिथून मोटारीने ईशान्येला निघायचे. पहिला काही वेळ सपाट पठार, गव्हाची शेते आणि उंच पॉपलर झाडांच्या रांगा. सिस्तिएर्ना मागे पडले की एस्ला नदीची दरी अरुंद होते, चुनखडीचे कडे दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि वळणे सुरू होतात. मग अचानक एक मोठी भिंत समोर येते. सुमारे 100 मीटर उंचीची, कमानीसारखी वाकवलेली काँक्रीटची भिंत. हे रिआन्योचे धरण.

भिंत मागे टाकून वर आलो की जे दिसते त्याला सुंदर म्हणण्यावाचून इलाज नाही. निळेशार पाणी डोंगरांच्या खाचाखाचांत शिरलेले, त्यावर करड्या शिखरांच्या सावल्या. खिल्बो नावाचा एक टोकदार सुळका थेट पाण्यातूनच उगवल्यासारखा दिसतो, त्याच्या शेजारी योर्दास. पर्यटन खात्याच्या पत्रकांत याला 'लेऑनचे फियोर्ड' म्हणतात. नॉर्वेत समुद्राचे पाणी डोंगरांत शिरते त्याला फियोर्ड हे नाव आहे. आता येथे बोटीतून फेरफटकाही मारता येतो. पाण्यावरून जाणारा लांबलचक पूल आहे, काठावर फोटोसाठी बाक आहे आणि एक उंच झोपाळाही आहे. त्यावर बसायला तरुण मंडळी रांग लावतात.

पण हे फियोर्ड निसर्गाने केलेले नाही. वयाने ते आपल्या घरातल्या थोरल्या मुलांपेक्षा फारसे मोठे नाही. 31 डिसेंबर 1987 रोजी धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी चढू लागले.

धरणाचा आराखडा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतला. 1960 च्या दशकात काम सुरू झाले, भिंत उभी राहिली आणि मग कित्येक वर्षे तशीच पडून राहिली. दरीतल्या माणसांनी त्या भिंतीकडे बघत घरे दुरुस्त केली, लग्ने लावली, गवत कापून कोठारात भरले. बुडणार बुडणार म्हणता म्हणता एक पिढी म्हातारी झाली. फ्रँको गेला, लोकशाही आली, तेव्हा अनेकांना वाटले की आता हे संकट टळले. प्रत्यक्षात काम पुरे केले ते निवडून आलेल्या समाजवादी सरकारने. 1986 आणि 1987 मध्ये घरे पाडायला यंत्रे आली. लोक छपरांवर चढून बसले, पोलिसांशी झटापटी झाल्या, दगड उडाले, रबरी गोळ्या सुटल्या. स्पेन नुकताच, 1986 मध्ये, युरोपीय समुदायात सामील झाला होता. पर्यावरणाचे नवे युरोपीय नियम आडवे येण्याआधी दरवाजे बंद करायचे, म्हणूनच वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा मुहूर्त धरला, असे त्या भागात आजही सांगितले जाते.

नऊ गावांना या पाण्याची झळ बसली. रिआन्यो हे त्यांतले मोठे, बाजाराचे गाव. पेद्रोसा देल रेय, ला पुएर्ता, सालिओ, उएल्दे, आन्सिलेस, एस्कारो ही त्याची शेजारची गावे. बुरोनसारख्या गावाचा वरचा भाग वाचला. जुन्या रिआन्योतली माणसे लेऑनला गेली, दूरच्या शहरांत पांगली. थोडी माणसे डोंगराच्या कुशीत सरकारने आखून दिलेल्या नव्या रिआन्योत राहिली. आज त्या गावाची वस्ती पाचशेच्या आत आहे.

नवे रिआन्यो पाहताना मला सारखे बागलकोट आठवत होते. आलमट्टीच्या पाण्यामुळे जुन्या बागलकोटचा मोठा भाग गेला आणि माळावर नवनगर वसले. सरळ रेषेतले रस्ते, एकसारख्या इमारती, ऐसपैस मोकळ्या जागा. गैरसोय म्हणावी तर काहीच नाही, तरी बोळ नाहीत, कट्टे नाहीत, पिढ्यान्पिढ्यांच्या वावराने गुळगुळीत झालेला एकही उंबरठा नाही. रिआन्योत तीच तऱ्हा. फक्त मधेच जुन्या दगडांचे एक चर्च उभे दिसते आणि ते या नव्या घरांत पाहुण्यासारखे वाटते. पेद्रोसा देल रेय आणि ला पुएर्ता या बुडालेल्या गावांतल्या देवळांचे दगड उचलून आणून येथे पुन्हा रचले आहेत.

हुक्केरी तालुक्यातल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. हिडकल धरणाच्या पाण्यात हुन्नूरचे विठ्ठल मंदिर गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते बाहेर येते आणि लोक दर्शनाला जातात. रिआन्योतही पाणी खूप खाली गेले की जुन्या रस्त्याचा पट्टा, भिंतींचे पाये, पुलाचे अवशेष चिखलातून डोके काढतात. उन्हाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, हे दिसण्याची शक्यता जास्त. आकाराने मात्र रिआन्यो हिडकलपुढे धाकटे आहे. त्याची साठवण सुमारे 65 कोटी घनमीटर, आपल्या टीएमसीच्या हिशेबात 23 च्या आसपास. हिडकलची 51 टीएमसी. म्हणजे निम्म्याहून कमी पाण्यासाठी नऊ गावे! अर्थात खालच्या पठारावरच्या शेतकऱ्याला विचारले तर तो वेगळा हिशेब मांडेल. त्याच्या मक्याला हे पाणी मिळते. मात्र गावे ज्या घाईने पाडली, त्या घाईने कालवे खणले गेले नाहीत. सिंचनाचे क्षेत्र पुढची कित्येक वर्षे तुकड्यातुकड्यांनी वाढत राहिले. घाई नेमकी कशाची होती, हा प्रश्न त्यामुळे मला तरी गैरवाजवी वाटत नाही.

या डोंगरांत अशी पाण्याखालची गावे आणखीही आहेत. पश्चिमेला पोर्मा नदीवरचे धरण 1968 चे. त्याच्या पाण्यात वेगामियान गेले. स्पेनचे आजचे नामवंत लेखक खुलिओ यामासारेस यांचा जन्म 1955 मध्ये त्याच गावात झाला. आणि हे धरण बांधणारा अभियंता कोण? ख्वान बेनेत, तोही स्पॅनिश साहित्यातला मोठा कादंबरीकार! आता त्या जलाशयाला बेनेतचेच नाव आहे. एका लेखकाने बांधलेल्या धरणात दुसऱ्या लेखकाचे जन्मगाव बुडावे, असा योग कथेत घातला तर संपादक ओढूनताणून आणलेला म्हणून परत पाठवतील. 1983 मध्ये हा जलाशय रिकामा केला गेला, तेव्हा यामासारेस यांनी चिखलाने माखलेले आपले गाव पाहिले. पुढे 2015 मध्ये त्यांनी एक कादंबरी लिहिली. आजोबांच्या अस्थींची राख धरणाच्या पाण्यात सोडायला आलेले एक कुटुंब, आणि त्यातला प्रत्येक जण त्याच पाण्याकडे आपापल्या नजरेने पाहतो.

असो. पाण्याजवळ फार रेंगाळलो, आता वर जाऊ.

बुरोनवरून पोन्तोनच्या खिंडीकडे रस्ता चढू लागला की जंगल सुरू होते. हे बीचचे जंगल. या झाडाला आपल्याकडे नाव नाही, कारण झाडच नाही. खोड राखाडी आणि गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखे. फांद्या वर जाऊन एकमेकींत अशा मिसळतात की खाली गवतसुद्धा फारसे उगवत नाही, नुसता पानांचा गालिचा. बीचला धुके प्यायला आवडते. समुद्र उत्तरेला फार दूर नाही, तिथून येणारे ढग याच खिंडींत अडतात. आंबोलीला पावसाळ्यात उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ऑक्टोबरच्या शेवटी हीच पाने आधी पिवळी, मग तांबूस होतात आणि अख्खा डोंगर तापलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा दिसतो.

पोन्तोनहून उजवीकडे वळून पांदेरुएदास, उंची सुमारे 1450 मीटर. गाडी लावून झाडीतून थोडे चालत गेले की सज्जासारखी एक जागा येते आणि समोर पिकोस दे युरोपाची पांढरीफटक शिखरे उभी राहतात. त्यांतले सर्वांत उंच तोरेसेर्रेदो सुमारे 2650 मीटरचे. खाली व्हाल्देओनची दरी, तिच्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी खेडी. गावात दगडी खांबांवर उचललेली लाकडी धान्यकोठारे अजून दिसतात. खांब आणि कोठार यांच्यामध्ये चपटा दगड ठेवलेला असतो, म्हणजे उंदराला वर चढता येत नाही.

दरीत आणखी खाली, काइनकडे जाताना लांडगे पकडायची जुनी जागा आहे. दोन बाजूंनी कुंपण अरुंद होत जाते आणि शेवटी दगडांनी बांधलेला खड्डा. लांडगा दिसला की गावोगावची माणसे हाकारे घालत त्याला या तोंडात ढकलत. कोणी कुठे उभे राहायचे याचे नियम ठरलेले, आणि न येणाऱ्याला दंड. काइनपासून कारेस नदीच्या घळीतून पोन्सेबोसपर्यंत 12 किलोमीटरची प्रसिद्ध पायवाट जाते. वीजकेंद्राला पाणी नेणारा कालवा 1916 ते 1921 मध्ये कड्यात खोदला, त्याच्या देखभालीसाठी पुढे ही वाट कोरली. कठडा बहुतेक ठिकाणी नाही. चक्कर येणाऱ्यांनी पहिल्या बोगद्यांपर्यंत जाऊन परत फिरावे, त्यात काही कमीपणा नाही.

पूर्वेचा सान ग्लोरिओ घाट 1609 मीटरवर. तिथे अस्वलाचा दगडी पुतळा आहे आणि तो उगाच नाही. या पर्वतरांगेतली तपकिरी अस्वले एकेकाळी संपतच आली होती. 2020 च्या मोजणीत ती सुमारे 370 भरली. याच घाटावर बर्फावरच्या स्कीइंगचे केंद्र काढायचा बेत 2000 नंतरच्या दशकात खूप गाजला. अस्वलांची वाट अडेल म्हणून प्रकरण न्यायालयात गेले आणि केंद्र झाले नाही. गावांतल्या तरुणांना तिथे नोकऱ्या मिळाल्या असत्या, हेही खरे. माणसांची नऊ गावे हलवताना कोणाला थांबवता आले नाही आणि अस्वलांसाठी डोंगर थांबला, असे कडवटपणे म्हणणारे असतील तर त्यांना काय उत्तर द्यावे मला कळत नाही. मात्र रिआन्यो बुडाले नसते तर सान ग्लोरिओसाठी एवढे लोक उभे राहिले असते का, हीही शंका येते.

धनगरांच्या मेंढ्या जशा पावसाळ्याच्या हिशेबाने देश-कोकण करतात, तशा येथे शेकडो वर्षे मेरिनो मेंढ्या हिवाळ्यात दक्षिणेला आणि उन्हाळ्यात या माळांवर येत. रिआन्योच्या परिसरातून एस्त्रेमादुरापर्यंत जाणारा त्यांचा राजमार्ग नकाशावर अजून आहे. कळप मात्र आता थोडेच उरले.

जायचे असेल तर मेचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ बरा. नोव्हेंबरनंतर घाटांत बर्फ पडतो आणि रस्ते बंद होतात. पेट्रोल सिस्तिएर्ना किंवा रिआन्योत भरून घ्यावे. शाकाहारी मंडळींनी फार अपेक्षा ठेवू नये. पाव, बटाट्याचे अंड्यातले आमलेट आणि सॅलड एवढ्यावर दिवस काढावे लागतात. व्हाल्देओनचे निळ्या शिरांचे चीज झाडाच्या पानांत गुंडाळून विकतात. वास उग्र आहे, सामानात ठेवताना दोन पिशव्या घालाव्यात.