चौकटीवरचा हात

आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघराला सागवानी चौकट होती. तिच्या उजव्या अंगाला, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, लाकूड काळे आणि गुळगुळीत झाले होते. माय चुलीपुढून उठली की दोन पावले टाकून त्या जागी हात टेकायची, क्षणभर डोळे मिटायची आणि मग ताटे घेऊन बाहेर यायची. लहानपणी मला वाटे, ती उंबरठ्याला नमस्कार करते. एकदा विचारलेही. "काई नाई बा, जराशी अंधारी येते," एवढेच ती म्हणाली. पुढे मी एम. ए. झालो, मास्तर झालो, हेडमास्तर झालो. पण त्या 'अंधारी'चा अर्थ शोधायला मला वयाची पन्नाशी उलटावी लागली.

मधल्या काळात एक चूक माझ्या हातून झाली, ती आधी सांगून टाकतो. १९९६ साली मी एका लहान गावच्या शाळेत नवखा शिक्षक होतो. पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन, दमट ऊन, पाहुण्यांचे लांबलेले भाषण. नववीची एक मुलगी ओळीतच खाली बसली आणि कोसळली. मी धावत गेलो, दोन मुलींना तिच्या काखेत हात घालायला लावले आणि तिला उभी केली. ती पुन्हा कोसळली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी म्हणालो, "भाषणाच्याच वेळी बऱ्या तुम्हांला घेऱ्या येतात. मुलगे नाही पडत ते!" वर्ग हसला. ती मुलगी दहावी होईपर्यंत झेंडावंदनाला कधी पुढच्या ओळीत उभी राहिली नाही. हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नव्हते. आठवू लागलो तेव्हा आठवले.

आठवण्याचे कारण घरातच घडले. हट्ट्याला आमच्याकडे हरतालिकेचा उपास कडक असतो. पाण्याचा थेंबही नाही. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी पूजा आटोपून माझी पत्नी पाटावरून उठली आणि उभ्याची आडवी झाली. मी तिला उचलून खुर्चीवर बसवू लागलो. तेवढ्यात धाकटी मुलगी, जी त्या वेळी नर्सिंग शिकत होती, ओरडली, "बाबा, आईला उठवू नका! आडवीच राहू द्या, पाय वर धरा." पाय वर धरले आणि मिनिटाभरात तिच्या चेहऱ्यावर रंग आला. डोळे उघडताच तिने पहिला प्रश्न केला, "अहो, तुमचं जेवण झालं का?"

गोंदियाला डॉक्टरांनी तिचा रक्तदाब आधी निजवून आणि मग उभे करून मोजला, रक्त तपासले. हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. डॉक्टरांनी सांगितले ते ऐकले आणि मग जे मिळेल ते वाचत गेलो. मी विज्ञानाचा माणूस नव्हे. पण शिक्षकाला जे कळले ते सोपे करून सांगण्याची खोड असते.

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण सातवा हिस्सा आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा त्याला एकट्याला लागतो. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त त्याच्याकडे जाते आणि त्याच्याजवळ साठवण अशी काही नाही. पुरवठा आठ-दहा सेकंद तुटला तरी शुद्ध हरपते. आता आपण बसल्याचे उभे राहतो तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय आणि पोट यांच्याकडे उतरते. मानेतल्या धमन्यांना तो दाब उतरलेला कळतो, हृदय वेग घेते, पायातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. शिवाय मेंदूच्या स्वतःच्या बारीक वाहिन्या दाब घटला की काही सेकंदांत रुंद होतात आणि वाढला की अरुंद होतात. आमच्या मुलखात धानाच्या बांधीत पाणी राखणारा माणूस असतो. पाटाला पाणी कमी आले की तो तोंड मोठे करतो, जास्त आले की मातीने लिंपून लहान करतो. मेंदूही स्वतःचा असाच राखणदार आहे. डेन्मार्कच्या नील्स लासेन यांनी १९५९ मध्ये हे सूत्र ठळकपणे मांडले. राखण त्यांना वाटली तितकी अचूक नसते, असे पुढच्या मोजमापांत दिसले. पण राखणदार असतो, यात वाद नाही.

मग प्रश्न माझा, वर्गात हसून विचारलेला: मुलीच का पडतात? भोवळ मुलग्यांनाही येते, पण मुली आणि बायकांना ती अधिक येते हे खरेच आहे. याचा अर्थ त्यांचा मेंदूचा राखणदार कच्चा असतो का?

गंमत म्हणजे मोजमाप नेमके उलट सांगते. जिवंत माणसाच्या मेंदूतून किती रक्त वाहते हे अमेरिकेत केटी आणि श्मिट या दोघांनी १९४० च्या दशकात प्रथम नीट मोजले, हसवणाऱ्या वायूच्या साहाय्याने. शंभर ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला पन्नास मिलिलिटरच्या आसपास, हा आकडा प्रामुख्याने निरोगी तरुण पुरुषांवरून आला. १९८२ मध्ये रुने आस्लिद यांनी कवटीवर ध्वनिलहरींचे यंत्र टेकवून आतल्या धमनीतला रक्ताचा वेग मोजण्याची रीत काढली आणि मग स्त्रियांची मोजणीही सोपी झाली. तरुण स्त्रियांच्या मेंदूला, त्याच्या आकारमानाच्या हिशेबाने, पुरुषांपेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के जास्त रक्त मिळते, असे पुन्हा पुन्हा आढळले. इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक रक्तवाहिन्या सैल ठेवते, हे त्याचे एक कारण. रक्तातले हिमोग्लोबिन पुरुषापेक्षा कमी, म्हणून तेवढाच प्राणवायू पोचवायला रक्त जास्त लागते, हे दुसरे. पाळी गेल्यावर हा फरक कमी होत जातो. आणि राखणदारीचे म्हणाल, तर सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत; काहींत स्त्री-पुरुष सारखे, तर काहींत स्त्रियाच सरस ठरल्या.

मग कमी पडते कुठे? पाटात. स्त्रीचे हृदय सरासरीने लहान, अंगातले एकूण रक्त कमी. उभे राहिल्यावर रक्त खाली उतरले की हृदय नीट भरत नाही आणि एका ठोक्याला बाहेर पडणारे रक्त चटकन घटते. अंतराळातून परतलेल्या प्रवाशांतही उभे राहताच भोवळ येण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक आढळले. ती तर निवडून घेतलेली, कसलेली माणसे! राखणदार जागा असतो, तोंड पूर्ण उघडतो. पण पाटालाच पाणी नसेल तर त्याने करावे काय?

वाचताना एका ठिकाणी मी थांबलो. मेंदूचा हा राखणदार तपासण्यासाठी प्रयोगशाळेत माणसाला उकिडवे बसवतात, उभे करतात, पुन्हा बसवतात, पुन्हा उभे करतात. ठरलेल्या तालात, काही मिनिटे. वाचले आणि मला चुलीपुढची माय दिसली. सकाळी सडा-सारवण, मग चूल, मग भांडी, आषाढात दिवसभर वाकून धानाची रोवणी. शास्त्रज्ञ जी परीक्षा पाच मिनिटे घेतात ती आमच्या बायांनी जन्मभर दिली, तीही उपाशीपोटी. कारण घरातले सगळे जेवल्यावर उरेल ते त्यांचे.

आणि इथे निसर्गाचा भाग संपून आपला सुरू होतो. रक्तात हिमोग्लोबिन कमी झाले की मेंदू आपल्या वाहिन्या आधीच रुंद करून ठेवतो, म्हणजे प्राणवायू पुरा पडावा. पण तोंड आधीच मोकळे असल्यावर अडचणीच्या वेळी आणखी किती उघडणार? अडीनडीसाठी राखलेले रोजच्या खर्चात संपते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाचे मुलगे ३१ टक्के. मुलग्यांचा आकडाही लाजिरवाणा आहे, पण पाळीच्या रक्तस्रावाबरोबर ताटातल्या वाढणीचाही त्या दोहोंमधल्या अंतरात हिशेब आहे. आमच्या पट्ट्यात सिकलसेलही आहे. १ जुलै २०२३ रोजी आमच्याच राज्यातल्या शहडोलहून त्याच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. म्हणून फिकट मुलीला नुसती लोहाची गोळी देऊन भागत नाही. रक्त तपासावे लागते.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे पॉल ब्रोका यांच्यासारखे विद्वान मेंदू तराजूत तोलत होते. स्त्रीचा मेंदू वजनाला कमी भरतो, सबब बुद्धीही कमी, असा त्या काळच्या पुरुषांनी सोयीचा निष्कर्ष काढला. त्याच शतकात, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला. १९५६ पर्यंत आमचा बालाघाट आणि त्यांचे बुलढाणे एकाच राज्यात होते, म्हणून मला त्या आपल्या वाटतात. त्यांच्या हाती कसले यंत्र नव्हते. यंत्र आले तेव्हा कळले की वजनाला हलका तो मेंदू रक्त मात्र हक्काने जास्त मागून घेतो.

एवढे कळल्यावर शाळेत काही साध्या गोष्टी केल्या. झेंडावंदनाला येण्याआधी खाऊन या, हे आदल्या दिवशी सांगतो. ध्वज फडकला, राष्ट्रगीत झाले की सगळी मुले खाली बसतात. भाषणे बसून ऐकायची, पाहुणा कितीही मोठा असो. उभे राहावेच लागले तर टाचा उचलत राहायच्या, म्हणजे पोटऱ्यांतले रक्त वर चढते. घाबरून भराभरा श्वास घेऊ नये, त्याने मेंदूच्या वाहिन्या आवळतात. कोणी पडलेच तर भोवती गर्दी नाही, कांदा-चप्पल हुंगवणे नाही, उचलून उभे करणे तर नाहीच; आडवे निजवायचे आणि पाय वर. तोंड वाकडे झाले, हातातले बळ गेले किंवा बोबडी वळली तर मात्र ती साधी भोवळ नव्हे, तडक दवाखाना. आठवड्याची निळी गोळी मी मध्यान्ह भोजनानंतर माझ्यासमोर द्यायला लावतो. पूर्वी मुली ती रिकाम्या पोटी घेत, मळमळे, आणि मग गोळ्या खिडकीबाहेर सापडत.

घरातले बदल यापेक्षा अवघड गेले. पत्नीने हरतालिकेला पाणी आणि फळे घ्यायचे कबूल केले, तेही मुलीच्या धाकाने. आधी तू जेव, असे मी म्हणतो तेव्हा ती हसते आणि माझेच ताट वाढते. तीस वर्षांची वहिवाट एका लेखाने मोडत नाही. निदान जेवायला आम्ही आता एकत्र बसतो.

जुने घर पाडून नवे बांधले तेव्हा ती सागवानी चौकट विकली गेली. माय त्याआधीच गेली होती. नव्या स्वयंपाकघराला लोखंडी चौकट आहे, रंग दिलेली. तिच्यावर हाताची खूण उमटत नाही. म्हणून पत्नी उठून क्षणभर तिथे थांबली की मी विचारतो, "अंधारी आली का?" चाळीस वर्षांपूर्वीही हाच प्रश्न विचारला होता; फरक एवढाच, की आता उत्तर ऐकून मी जागचा उठतो.