कोटाचा ब्रश

सातारच्या कोर्टात वकिली करणाऱ्या वडिलांचा काळा सर्जचा कोट खुंटीला कधी लागला नाही. तो रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर असे, आणि रविवारी तो झाडायचं काम धाकट्या मुलाचं. ब्रश डुकराच्या राठ केसांचा. धूळ उडाली की काम झालं, एवढंच त्याला तेव्हा कळत होतं.

कोटाच्या पोटात काय असतं ते त्याने पाहिलं लंडनला नोकरी लागल्यावर. सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर हेन्री पूलची पेढी १८४६ मध्ये आली. तिथल्या काही दुकानांच्या तळघरात शिवणारे कारागीर फुटपाथवरून दिसतात. अर्धवट शिवलेला कोट उलटा धरला की वरचं कापड आणि अस्तर यांच्यामधलं लोकरीचं, घोड्याचे केस विणलेलं कॅनव्हास दिसतं. लॅपलला ते तिरप्या हातटाक्यांनी बसवतात, तेही मुद्दाम किंचित सैल. म्हणून लॅपल मोडत नाही, वळते.

या वळणाचा मोठा शत्रू ड्रायक्लीनिंग. पर्क्लोरोएथिलीनसारखं द्रावण लोकरीतला उरलासुरला स्निग्धपणा काढून घेतं आणि नंतरची दाबाची इस्त्री लॅपल चपटी करून टाकते. डाग नसलेला कोट केवळ सवयीने तिकडे पाठवणं ही नासाडीच, असं त्याचं ठाम मत झालं.

धूळ मात्र रोज काढावी लागते. बारीक कण धाग्यांत घुसून लोकर आतून घासत राहतात. तो आपल्या कोटावर आधी लवेच्या उलट दिशेने हलके फटकारे मारी, मग वरून खाली, लवेच्या बाजूने. मग कॉलरखाली, खिशाच्या झाकणांमागे, पँटच्या दुमडीत. कसर याच जागा शोधते. तिचा पतंग लोकर खात नाही, अळी खाते. घामाचा किंवा अन्नाचा अंश असलेली अंधारी, न हललेली जागा तिला आवडते. ब्रश फिरला की अंडी सुटून पडतात. डांबरगोळ्यांच्या वासापेक्षा त्याचा भरवसा या फिरवण्यावर. झाडलेला कोट निदान एक दिवस टांगलेला राही, म्हणजे कोपरावरच्या सुरकुत्या आपोआप उतरत.

त्याचा मुलगा मोठा झाल्यावर पाठीच्या शिवणीत सोडलेली माया उसवून तो कोट मुलाच्या मापाचा करता आला. आतलं कापड धड होतं, कसरीचं एकही भोक नव्हतं. पुढे मुलाने काश्मिरी लोकरीचा कोट घेतला तेव्हा मात्र त्याने आपला ब्रश दिला नाही. राठ केस ती तलम लव ओढून काढतात. तिला बकरीच्या केसांचा मऊ ब्रश लागतो, आणि तो त्याने दुसऱ्याच दिवशी आणून दिला.