पडद्यावरची चिंच

दिवाळीत बेळगाव-निपाणीकडची मुले अंगणात मातीचे किल्ले रचतात आणि नाताळात आमच्या धर्मग्रामातील मुले गव्हाणीभोवती डोंगर उभारतात. रीत दोहोंची एकच. खाली दगडविटा, त्यांवर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप आणि वर अळीव किंवा मोहरी पेरून आणलेली हिरवळ. या कलेत आपणांस थोडेफार कळते, अशी आमची समजूत होती. गेल्या उन्हाळ्यात एका सोळा वर्षांच्या मुलाने ती दूर केली.

त्याच्या वडिलांनी आमच्याकडे गाऱ्हाणे आणले होते. "फादर, पोरगं रात्र रात्र काँप्युटरपुढं बसतंय. शहर वसवायचा खेळ म्हणे! तुम्हीच जरा समज द्या." समज देण्याच्या हेतूनेच आम्ही एके संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

शहरे वसविण्याचे असले खेळ आता जुने झाले आहेत. अमेरिकेतील विल राइट यांचा 'सिमसिटी' १९८९ सालचा. हा मुलगा खेळत होता तो 'सिटीज: स्कायलाइन्स' फिनलंडमधील, २०१५ सालचा. रस्ते काढावे, पाणी पोहोचवावे, वस्ती वाढवावी, असा त्याचा क्रम. परंतु या मुलाने अद्याप एकही घर बांधले नव्हते. दोन महिने तो केवळ जमीन घडवीत होता.

"खेळात मिळते ती जमीन आपली वाटत नाही, फादर. म्हणून मी निपाणीच करतोय," तो म्हणाला.

ती कशी करतात, हे आम्ही विचारले. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारच्या साह्याने सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. ती मोजदाद आज कोणासही विनामूल्य मिळते. तिचे एक करडे चित्र करावयाचे. जागा उंच तेथे ठिपका पांढरा, सखल तेथे काळा. चित्रात एका बाजूस १०८१ ठिपके आणि दोन ठिपक्यांत १६ मीटर अंतर, म्हणजे सुमारे सव्वासतरा किलोमीटरांचा चौरस झाला. त्यात निपाणी, तवंदीचा घाट आणि वेदगंगेचे पात्र त्याने बसविले होते.

पहिला प्रयत्न फसला होता. त्याचे चित्र २५६ छटांचे होते. १०२४ मीटर उंची तेवढ्या छटांत वाटली की दर छटेला चार मीटरांची पायरी पडते. त्यामुळे तवंदीचा उतार भाताच्या खाचरांसारखा दिसू लागला. मग त्याने ६५,५३६ छटांचे चित्र केले, तेव्हा पायरी दीड सेंटीमीटरवर आली आणि डोंगरास डोंगराचे रूप आले. नदी मात्र त्यास स्वतः खोदावी लागली, कारण त्या रडारला पाण्याखालचे दिसत नाही.

झाडांचे काम त्याहून किचकट. खेळाबरोबर आलेली झाडे परक्या मुलखातली होती, म्हणून त्याने बाभूळ, कडुनिंब आणि वड यांची छायाचित्रे घेतली. खोड तेवढे घडवावयाचे. पाने म्हणजे एकमेकांस छेदणारे सपाट तुकडे, त्यांवर फांदीचे चित्र डकवलेले आणि पानांबाहेरचा भाग पारदर्शक. दुरून दिसण्यासाठी त्याच झाडाचे आणखी हलके रूप करावे लागते, नाहीतर हजारो झाडांच्या भाराने संगणक अडखळतो. बाभळी त्याने बांधावर लावल्या, तंबाखूचे शिवार मोकळे ठेवले आणि प्रत्येक झाड थोडे फिरवून, लहानमोठे करून उभे केले. "सारख्या अंतरावर लावली की बाग दिसते, फादर, रान दिसत नाही."

शेवटी त्याने आमचे चर्च दाखविले. इमारत नव्हतीच, केवळ मोकळी जागा होती, आणि तिच्या कडेला एक मोठी चिंच.

ती चिंच आता नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी वाहने उभी करण्यास शेड हवी म्हणून आम्हीच ती तोडविली. वृद्ध मंडळी काहीशी कुरकुरली होती; सोयीपुढे आम्ही ते मनावर घेतले नाही. त्याने ती कोठून आणली, हे विचारता त्याने एक छायाचित्र पुढे केले. त्याच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी सारे कुटुंब त्या चिंचेखाली उभे होते. वडिलांच्या उंचीवरून हिशेब करून त्याने झाडाची उंची काढली होती.

"ती नसली की चर्च कुठं बांधायचं तेच कळत नाही," तो सहज बोलून गेला. त्यास आम्हांला टोचावयाचे नव्हते. तरीही आम्हांस उत्तर सुचले नाही.

समज द्यावयाची राहिली नाही. रात्री दहानंतर संगणक बंद, हे त्याने मुकाट्याने कबूल केले. वडिलांचेही समाधान झाले. आमची चूक मात्र तशी दहा वाजता मिटणारी नव्हती. पुढल्या रविवारी आम्ही ती सर्वांसमोर बोलून दाखविली आणि पाऊस लागताच शेडच्या मागे चिंचेची दोन रोपे लावली. एक शेळ्यांनी खाल्ले. दुसऱ्यास मुलाने काटेरी कुंपण केले आहे. ते आता गुडघ्याएवढे आहे. त्याची सावली आमच्या वाट्यास येणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तोडलेल्या चिंचेची सावलीही आम्हांस कोणा दुसऱ्याच्याच हातून मिळाली होती.