भाड्याच्या भिंतीवरचा खिळा

अमरावती आणि अकोला या शहरांतील भाड्याच्या घरात तसबीर लावताना पहिला प्रश्न चित्राचा नसतो, खिळ्याचा असतो. कारण 11 महिन्यांच्या करारात भिंतीला खिळे न ठोकण्याची अट बहुधा असतेच, आणि अनामत रक्कम परत करण्याआधी घरमालकाची नजर भिंतींवरून फिरते. बदलीवर आलेली कुटुंबे गजानन महाराज, तुकडोजी महाराज, गाडगेबाबा यांच्या तसबिरी आणि वडीलधाऱ्यांची छायाचित्रे एका घरातून दुसऱ्या घरात नेत असतात, आणि प्रत्येक घरात तो प्रश्न नव्याने उभा राहतो.

मातीच्या जुन्या वऱ्हाडी घरात तो नव्हता. भिंत रचतानाच लाकडी खुंटी तिच्यात बसवत. तसबीर लांब दोरीने टांगलेली, वरच्या अंगाने किंचित पुढे झुकलेली असे, त्यामुळे खाली बसलेल्या माणसाला काचेत दाराचा उजेड न चमकता चित्र दिसे. सिमेंटच्या भिंतीने ही सोय काढून घेतली. काँक्रीटच्या खांबात खिळा वाकतो. विटेच्या भिंतीत तो शिरतो, पण गिलाव्याचा, म्हणजे विटेवरील वाळू-सिमेंटच्या थराचा, टवका उडतो तो पहिल्याच घावाला. त्यात येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तिरप्या भेगा जातात, आणि भेगेजवळ ठोकलेल्या खिळ्याचा भरवसा राहत नाही.

खिळ्याला पर्याय म्हणून आलेल्या चिकट पट्ट्यांविषयी प्रस्तुत लेखकाचे, म्हणजे घरोघर तसबिरी लावून देणाऱ्याचे, मत कडवट आहे. ऑइलपेंटवर त्या काही काळ टिकतात. डिस्टेंपरवर मात्र पट्टी सुटत नाही, रंगाचा पापुद्राच सुटून येतो, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला की गोंदही मऊ पडतो. काच नको, वजन नको म्हणून फ्लेक्सवर छापलेले देव आता घरोघर आले आहेत. कूलरच्या ओल्या वाऱ्यात कागद लाटा धरतो आणि फ्लेक्स धरत नाही, हे मान्य करूनही त्याला तसबीर म्हणणे लेखकाला जमत नाही.

काचेचे वजन मात्र खरे आहे. दोन फूट बाय तीन फूट तसबिरीची 2 मिलिमीटर जाडीची नुसती काचच सुमारे 2.8 किलो भरते. मागची दोरी जितकी आखूड आणि आडवी, तितका तिच्यावरचा ताण अधिक. आडव्या रेषेशी ती 30 अंशांचा कोन करत असेल, तर तिच्या प्रत्येक बाजूवर तसबिरीच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो आणि चौकटीच्या कड्या आतल्या बाजूला ओढल्या जातात. लेखकाला हे ठाऊक होते, तरीही दोरी दिसू नये म्हणून त्याने ती वर्षानुवर्षे आखूडच बांधली. तसबीर भिंतीला चिकटून, ओळंब्यात, कशाच्याही आधाराशिवाय उभी दिसावी, आणि पाहणाऱ्याने ती कोणी लावली हे विचारावे, हा त्यामागचा गर्व होता. त्या गर्वाची किंमत भाडेकरूंनी भरली: छिद्रात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंगाचा हात दिला तरी नव्या रंगाचा ठिपका उठून दिसे, आणि तसबिरीखाली न विटलेला, मूळ रंगाचा चौकोन तर कशानेही बुजत नसे.

आता लेखकाचा हात थरथरतो आणि पहिला घाव घसरतो. जठारपेठेतील एका घरात म्हणूनच हातोडी या कामातील शिष्येकडे दिली, तर तिने ती पिशवीतच ठेवली. दारावर पडद्याच्या दांडीसाठी घरमालकाने स्वतः बसवलेल्या दोन पक्क्या हुकांना तिने दोन लांब सुती दोऱ्या बांधल्या आणि तुकडोजी महाराजांची तसबीर दाराच्या वरच्या अंगाला टांगली. ती आपोआप पुढे झुकली, अगदी खुंटीवरच्या तसबिरीसारखी. हे जुनेच वळण आहे, एवढेही त्या दिवशी लेखकाच्या तोंडून निघाले नाही, कारण ते आधी त्याला सुचायला हवे होते. हुकांपाशी तिने मारलेल्या दोन गाठी उघड्या दिसतात, आणि त्या घरी जाणे झाले की लेखकाचा हात अजूनही त्या गाठी चौकटीमागे दडवायला वर जातो.