निळं बूच

"पप्पा, ही शॅम्पूची रिकामी बाटली टाकू ना?"

रंगारी सोमवारी येणार म्हणून सून काचेचं कपाट रिकामं करत होती. तिच्या हातात वीतभर उंचीची, दुधी प्लॅस्टिकची एक बाई होती. हात जोडलेले, नाक झिजून सपाट झालेलं, कमरेच्या निळ्या पट्ट्याची नुसती पुसट रेघ राहिलेली. डोक्यावर निळा मुकुट. तो मुकुट म्हणजेच बूच. तो फिरवून काढला की पवित्र मरियेच्या डोक्याला भोक दिसायचं, आणि लहानपणी मी त्याला जाम घाबरायचो.

"टाकू नकोस, आण इकडे," म्हटलं आणि बूच फिरवून बाटली नाकाशी नेली. वरवर जुन्या प्लॅस्टिकचा वास, आणि त्याच्याखाली ओल्या दगडाचा, शेवाळाचा, रहाटाच्या कुजक्या लाकडाचा. आमच्या विहिरीचा. ती विहीर 2006 साली बुजवली. तिच्या जागेवर आता शेजारच्या इमारतीच्या स्कूटरी उभ्या असतात.

बाटली रिकामी नव्हती. तळाला तीन बोटं पाणी होतं.

ती वसईत आली 1975 साली. रोमचं ते पवित्र वर्ष. आमच्या घरातले फादर, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, यात्रेकरूंबरोबर गेले होते आणि परतताना लूर्दला जाऊन आले. सगळ्यांसाठी काही ना काही आणलं, आजीसाठी ही बाटली. आत लूर्दच्या झऱ्याचं पाणी, गळ्यापर्यंत भरलेलं. आजीने बाटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि फादरांना विचारलं, "विमानात सांडली कशी नाही?"

त्यानंतर घरात दोन प्रकारची औषधं झाली. धाकट्या भावाला 1977 च्या पावसाळ्यात विषमज्वर झाला तेव्हा डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि आजीने रोज संध्याकाळी जपमाळ संपल्यावर एक बूचभर पाणी. दोन्ही त्याने घेतलं. तिसऱ्या आठवड्यात उठून तो पेज प्यायला. श्रेय कोणाचं यावर वडील आणि आजी यांचं जे बिनसलं ते बरेच दिवस. वडील गिरणी कामगार, लाल बावट्यातले. मिस्सेला नाताळला आणि गावच्या सणाला, तेही दाराजवळ उभे राहून. ते म्हणायचे, कॅप्सूल आठवड्याला इतक्या रुपयांच्या आणि नाव बाटलीचं.

आम्हा मुलांच्या लक्षात मात्र वेगळीच गोष्ट आली होती. बाटली संपत नव्हती. भावाचा ताप, आत्याचं बाळंतपण, शेजारच्या हिंदू घरातल्या म्हातारीचे गुडघे, एकदा तर म्हैस. बूच बूच पाणी जात होतं आणि बाटली भरलेलीच. काना गावातल्या लग्नाची गोष्ट आम्हाला पाठ होती. तिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला; इथे त्याची आई पाण्याचं पाणीच करत होती.

एका पहाटे लघवीला उठलो तर स्वयंपाकघरात कंदील. आजी पाटावर बसलेली, मांडीत बाटली, शेजारी विहिरीच्या पाण्याची कळशी. पळीने पाणी घालत होती, बारीक धार धरून, तेलाच्या बुधलीत घालावं तसं. धार चुकून जोडलेल्या हातांवरून ओघळली. पदराने तिने ती टिपली आणि वर बघितलं. मी दारात.

ती दचकली नाही. आमच्या बोलीत तिने जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच: "विरजण आहे ते. सगळं संपवलं तर उद्या दही कशाचं लावणार?"

मी अकरा वर्षांचा होतो. झोपेत होतो. पण त्या पहाटेपासून मी स्वतःला घरातला एकमेव शहाणा समजू लागलो. हे गुपित मी कोणाला सांगितलं नाही. जपमाळेच्या वेळी मी आजीकडे बघायचो, ती डोळे मिटून मोठ्याने 'नमो मरिया' म्हणत असायची, आणि मला कळायचं नाही की जिला स्वतःची लबाडी ठाऊक आहे तिचा आवाज इतका शांत कसा.

मग मी धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्न विचारू लागलो. पहिलाच अंगाशी आला. लूर्दचा धडा चालू होता. 1858 साल, चौदा वर्षांची बर्नादेत सुबिरू, लाकडं गोळा करायला गेलेली, गुहेत दिसलेली शुभ्र वस्त्रांतली स्त्री. मी विचारलं, "मास्तर, ती कुठल्या भाषेत बोलली?" मास्तरांना वाटलं मी टिंगल करतोय. चर्चच्या आवारातल्या खडीवर त्यांनी मला मिस्सा संपेपर्यंत गुडघ्यांवर उभं केलं, आणि वर सांगितलं की लूर्दवर शंका घेणारा कॅथलिक नव्हे.

मास्तर वारून आता वीस वर्षं झाली. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. पण त्यांची दोन्ही उत्तरं चुकीची होती हे इथे लिहून ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. कॅथलिक शिकवणीनुसार असली दर्शनं खासगी मानतात. ख्रिस्तसभेने मान्य केलेली असली तरी ती श्रद्धेचा अनिवार्य भाग नाहीत; लूर्द न मानताही माणूस उत्तम कॅथलिक राहू शकतो. आणि भाषेचा प्रश्न तर सगळ्यांत नेमका होता. ती स्त्री फ्रेंच बोलली नाही. ती बर्नादेतच्या घरातल्या बोलीत बोलली, गास्कोन बोलीत, जिला शाळेत गेलेली माणसं हसत असत. आम्ही वसईकर कुपारी. शाळेत आमची कादोडी बोली बोललो म्हणून छड्या खाल्लेल्या मुलाला ही एक गोष्ट त्या दिवशी कोणी सांगितली असती तर मी कदाचित त्या गुहेसमोर आपण होऊन गुडघे टेकले असते.

त्या बोलीत बर्नादेत तिला काय म्हणायची हे मी फार उशिरा वाचलं. 'आकेरो'. म्हणजे 'ते'. मरिया नाही, बाई नाही, 'ती' सुद्धा नाही. पोलीस कमिसार जाकोमे यांनी जबाब घेताना, म्हणजे तुला पवित्र कुमारिका दिसली, असं म्हटल्यावर तिने, मी तसं म्हटलेलं नाही, असं सुनावलं. गाव मरिया मरिया करत गुहेकडे धावत होतं आणि जिला दिसलं ती पोरगी 'ते' वरून हलायला तयार नव्हती. मराठी माणसाला याचं मर्म चटकन कळावं. आपल्याकडे नपुंसकलिंग अजून जिवंत आहे. ते पोर, ते लेकरू. जे अजून पुरतं ओळखीचं झालेलं नाही आणि ज्याच्यावर आधीच जीव जडलाय, त्याला आपण 'ते' म्हणतो.

नाव आलं 25 मार्चला. धर्मगुरू पेरामाल यांनी हट्टच धरला होता, नाव विचारून ये. उत्तराचे शब्द तिला कळले नव्हते म्हणून विसरू नयेत यासाठी ती वाटभर घोकत आली: मी निष्कलंक गर्भसंभव आहे. पोपनी त्या सिद्धान्तावर शिक्कामोर्तब केलं होतं 1854 साली, फक्त चार वर्षं आधी. श्रद्धावंत म्हणतात, अडाणी मुलीला हे शब्द सुचतील कसे? शंकेखोर म्हणतात, प्रवचनात कानावर पडले असतील. मी आयुष्यभर कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. वयाप्रमाणे आणि रक्तदाबाप्रमाणे.

नोकरी मला मिळाली ती पाण्याचीच. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं नमुने तपासले. 1993 साली एका शनिवारी मी बाटलीतलं थोडं पाणी औषधाच्या कुपीत घालून कामावर नेलं. आजी जाऊन चार वर्षं झाली होती. आता कोणाचं मन दुखावण्याचा प्रश्न नव्हता. सगळे जेवायला गेल्यावर शंकूपात्रात ते पाणी सौम्य करून घेतलं, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले. पाणी लिंबासारखं पिवळं झालं. ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडत गेलो, पात्र हातात गोल फिरवत. पांढरट गढूळ, गढूळ, आणि मग एका थेंबाला विटकरी छटा आली ती गेली नाही. क्लोराइड लिटरला 340 मिलिग्रॅम निघालं. थोडं पाणी उडून द्रावण घट्ट झालं असेल हे धरलं तरी ही आमच्या किनाऱ्याची विहीर होती. पिरेनीजच्या पायथ्याला समुद्राचा खार कुठून येणार? वहीत मी नमुना क्रमांक घातला आणि ठिकाणाच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचून एक आडवी रेघ मारली.

हेच काम माझ्याआधी 135 वर्षं तुलूजचे प्राध्यापक फिलॉल यांनी केलं होतं. लूर्दच्या नगराध्यक्षांना आशा होती की झरा औषधी निघेल आणि गावाला आरोग्यस्नानाचं ठिकाण म्हणून पैसा येईल. ऑगस्ट 1858 मध्ये फिलॉल यांचा अहवाल आला: साधं पिण्याचं पाणी, औषधी गुण नाही. नगराध्यक्ष हिरमुसले. श्रद्धावंतांना मात्र याहून सोयीचा अहवाल मिळाला नसता. पाण्यात काहीच नाही, तर मग जे होतंय ते पाण्यामुळे नाही! तिथे पुढे डॉक्टरांचं कार्यालयच बसलं. हजारो दाव्यांतून 2018 पर्यंत त्यांच्या चाळणीतून आणि बिशपांच्या सहीतून निभावले ते 70. सत्तर फार की थोडे, हे मला ठरवता आलेलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत इतके नमुने नापास केले असते तर बदली झाली असती.

आजीबद्दल सांगायचं राहिलं. मी मुद्दामच लांबवतोय.

1989 च्या मार्चमध्ये ती मुंबईतल्या एका इस्पितळात होती, पोटात पाणी झालं होतं. तिसऱ्या दिवशी तिने माझा हात धरून सांगितलं, उद्या येताना बाटली आण. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी विरारवरून लोकलमध्ये बसलो तेव्हा डब्यात पेज होती, धुतलेलं लुगडं होतं, जपमाळ होती. बाटली नव्हती. विसरलो नव्हतो. घराबाहेर पडताना कपाटासमोर मिनिटभर उभा होतो. मला वाटलं, त्यात काय आहे हे मला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे. मरणाच्या दारात दोघांनी मिळून नाटक कशाला करायचं? तिने पिशवीत बघितलं. काही म्हणाली नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती गेली.

बर्नादेत शेवटची वर्षं नेव्हेरच्या मठात दम्याने आणि हाडांच्या क्षयाने झिजत होती. 1866 मध्ये लूर्द सोडलं ते कायमचं. तो झरा माझ्यासाठी नाही, असं ती म्हणे. 1879 मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेली. हे वाचलं तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची किळस आली. बर्नादेतने पाणी नको म्हटलं होतं. आजीने मागितलं होतं.

पुढे पुढे मी असल्या बातम्या वाचून कुत्सित हसायचं सोडलं. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला तेव्हा वडिलांनी चमचा घेऊन शेजाऱ्यांना पृष्ठताण समजावून सांगितला. मी घरात बसून राहिलो. 2012 मध्ये इर्ल्याच्या चर्चमधल्या क्रुसाच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. बुद्धिवादी सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं की तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढतंय. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या, 295-अ कलमाखाली तक्रारी झाल्या आणि त्यांनी फिनलंड गाठलं. त्यांचं म्हणणं मला खात्यातला माणूस म्हणून पटलं होतं, तक्रारींची कॅथलिक म्हणून लाज वाटली होती. आणि तरीही ते पाणी बाटल्यांतून घरी नेणाऱ्या बायकांची बातमी वाचताना मला पळी आणि कळशी दिसत होती. 2024 च्या मे महिन्यात व्हॅटिकनने नवे नियम काढले: यापुढे सहसा 'हे दैवी आहे' असं जाहीरच करायचं नाही, फार तर 'हरकत नाही' म्हणायचं. 1981 पासून बोस्नियातल्या मेजुगोर्येत सहा मुलांना मरिया दिसत असल्याचा वाद त्यांनी सप्टेंबरात असाच मिटवला. ना-हरकत दाखला! सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या माणसाला यातलं शहाणपण सांगायला नको.

तर, बाटली हातात घेऊन मी बसलो होतो. तीन बोटं पाणी. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. आजीला जाऊन छत्तीस वर्षं. बूच सैल. प्लॅस्टिक पातळ. इतक्या वर्षांत हे उडून कसं गेलं नाही?

बायकोला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"घालते की मी. कमी दिसलं की घालते. या रंगाच्या गडबडीत दोन महिने राहिलं."

"तू?"

"आईंनी सांगितलं होतं, लग्न होऊन आले तेव्हा. त्यांना तुमच्या आजीने." ती सुनेकडे वळली. "तुला सांगायचंच राहिलं बघ."

"आणि बाबांना माहीत होतं?"

"विहिरीवरून पाणी कोण आणून द्यायचं? आईंचे गुडघे गेल्यावर तेच द्यायचे." मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला नव्हतं माहीत? पाण्याच्या खात्यात ना तुम्ही?"

1993 चा तो नमुना आईने भरलेला होता तर. कदाचित वडिलांनी ओढलेल्या पाण्याने. आणि विहीर बुजल्यावर गेली एकोणीस वर्षं नळाचं, टँकरचं, आता फिल्टरचं. तरी वास विहिरीचाच. शेवाळ, मी मनात म्हटलं. आतून धरलेलं शेवाळ.

"शेवाळच धरलंय," बायको बाटली उजेडात धरून म्हणाली. "पाणी वाटीत काढा, फेकू नका. मूठभर तांदूळ टाका आत आणि खळखळून घ्या. सून कामात आहे, मीही आहे."

वाटीत पाणी काढलं. तांदूळ भोकातून एकेक करून सोडावे लागले. मोरीशी उभा राहून मी बाटली हलवत होतो. आत तांदूळ खुळखुळत होते, हिरवट पाणी निघत होतं. चार वेळा विसळली. एक दाणा मात्र जोडलेल्या हातांच्या खोबणीत आतून अडकला, उलटी केली, आपटली, तरी निघेना. बायको म्हणाली, राहू दे, वाटीतलं ओता आधी.