गर्भसंस्कारांची दुसरी बाजू

दिवस गेल्याचं कळलं की आपल्याकडे गर्भसंस्कारांचं पुस्तक हमखास घरी येतं. कुणीतरी अभिमन्यूची गोष्ट सांगतंच. चांगलं ऐक, चांगलं वाच, मन प्रसन्न ठेव. सल्ला मायेचाच असतो. पण आईच्या वाचण्या-ऐकण्याने पोटातलं बाळ घडतं असं एकदा मानलं, की उद्या मूल वेगळं निघालं तर जाबही तिलाच विचारला जातो. स्वमग्न मुलांच्या घरांत हा जाब मी ऐकला आहे. सगळ्यात आधी ऐकला तो माझ्या भावाच्या घरी.

भाचा अडीच वर्षांचा झाला तरी हाकेला वळून बघत नव्हता. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘बाप तरी कुठे लवकर बोलला होता?’ असा धीर सगळ्यांनी दिला. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. मग डॉक्टरांनी स्वमग्नता हे नाव सांगितलं आणि घरात ‘आता काय करायचं’ याच्याऐवजी ‘असं झालंच कसं’ यावर खल सुरू झाला. ग्रहणात भाजी चिरली होतीस का? नवव्या महिन्यापर्यंत नोकरी कशाला करायची? भावाला कुणी काहीच विचारलं नाही.

हे फक्त आपल्याकडचं म्हणावं, तर तसंही नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणं मांडून या अवस्थेला ओळख दिली. पुढे तिथल्या तज्ज्ञांनी कित्येक वर्षं आईच्या कोरडेपणावर खापर फोडलं. ब्रुनो बेटलहाइम यांचं १९६७ सालचं गाजलेलं पुस्तक त्याच विचाराचं. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न मुलाचे वडील; त्यांनी १९६४ मध्येच हे खोडून काढलं होतं. १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या ब्रिटिश अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला. तोवर किती आयांनी स्वतःला अपराधी मानून दिवस काढले असतील!

तरी श्रद्धा म्हटली की सरसकट झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. अंगाऱ्या-धुपाऱ्यात उपचारांची वर्षं घालवणं, ‘लग्न केलं की सुधारेल’ म्हणून दुसऱ्याच्या लेकीला फसवणं, याला माफी नाही. पण माझी आई नातवाची दृष्ट काढायची, त्याची गोष्ट वेगळी. दिवेलागणीला ती मीठ-मोहऱ्या उतरवून निखाऱ्यावर टाकायची. मोहऱ्या तडतडल्या की हा टाचा उंचावून हात फडफडवायचा. पुढे पुढे ती वेळ झाली की स्वतःहून पाटावर येऊन बसू लागला. वाणी-उपचार करणाऱ्या बाईंनी हे मोडायला सांगितलं नाही. म्हणाल्या, ‘मोहऱ्यांची वाटी फळीवर ठेवा. लगेच देऊ नका, त्याला मागू द्या.’ बोट दाखवून काही मागायला तो शिकला ते त्या वाटीपाशी.

गेल्या वर्षी वहिनीला पुन्हा दिवस गेले. हळदीकुंकवाला आलेल्या एक नात्यातल्या बाई तिची ओटी भरताना म्हणाल्या, ‘या वेळी तरी नीट वाच हो.’

वहिनी काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘मागच्या वेळी तिला रोज मीच वाचून दाखवत होते. काय विचारायचं ते मला विचारा.’