दुर्बळांची सवलत

ख्रिस्ती ऐक्य तुटतं ते तत्त्वात नव्हे, सवलतीत. १८५७ साली दक्षिण आफ्रिकेच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने (धर्मसभेने) गोऱ्या आणि गौरेतर ख्रिस्त्यांची एकत्र उपासनाच शास्त्राला धरून आहे हे मान्य केलं. पण काहींच्या ‘दुर्बळते’खातर वेगळ्या इमारतीत उपासनेची मुभा दिली. (दुर्बळ कोण, तर गोरे!) १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं मिशन चर्चच उभं राहिलं. कुणी म्हणेल, ज्याची त्याची भाषा, रीत. वेगळं जमण्यात गैर काय? पण इथे भाषा बहुतांशी एकच होती. खुपत होता तो प्रभुभोजनाचा सामाईक प्याला. पुढे याच मिशन चर्चने १९८६ साली बेलहारचा विश्वासांगीकार (श्रद्धेचं जाहीर निवेदन) स्वीकारला आणि ऐक्य हा सोयीचा नव्हे, श्रद्धेचा प्रश्न ठरवला. १९९४ मध्ये ते कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या मंडळीशी जोडलं गेलं. गोरं मूळ चर्च मात्र त्या एकीत आलं नाही.